तिकडे म्हणजे नेमकं कुठे?

मराठी भाषेतल्या घातक शब्दांची यादी कुणी करायला घेतली, तर 'तिकडे' या शब्दाचा नंबर बराच वर लावावा लागेल. दिसायला अगदी गरीब शब्द. क्रियाविशेषण अव्यय, एवढीच त्याची शाळेतली ओळख. पण परदेशातून परतलेल्या माणसाच्या तोंडी तो पडला, की त्याचं हत्यार होतं. "तिकडे असं चालत नाही." "तिकडे न कळवता कुणी कुणाच्या घरी टपकत नाही." "तिकडे माणसं तोंडावर स्पष्ट बोलतात." "तिकडे जेवणाचा आग्रह नाही, साहेबाला साहेब म्हणणं नाही, ज्याचं त्यानं बघावं." ऐकणारा बिचारा 'तिकडे' गेलेला नसतो, त्यामुळे त्याला उलट उत्तर देता येत नाही. आपण आजवर जे जगलो ते सगळं चुकलंच, अशा चेहऱ्याने तो पुढ्यातला चहा संपवतो आणि चपला शोधू लागतो.

माझं भांडण या 'तिकडे'शी आहे. असा देशच अस्तित्वात नाही, असं माझं ठाम म्हणणं आहे. त्याची राजधानी कुणी पाहिलेली नाही, त्याचं पोस्टाचं तिकीट कुणाच्या संग्रहात नाही. आणि हे सिद्ध करायला मी अमेरिका आणि जपान अशी सोपी जोडी घेणार नाही. ती लबाडी झाली. मी एकाच युरोपातले, एकाच युरोपीय संघातले, एकच युरो खिशात घालून हिंडणारे दोन छोटे देश घेतो. एक नेदरलँड्स आणि दुसरा स्लोव्हाकिया.

डच माणसाची आणि आपली ओळख जुनी. आपले पूर्वज त्याला 'वलंदेज' म्हणत. सतराव्या शतकात त्याने वेंगुर्ल्याला वखार थाटली होती, तिचे पडके अवशेष आजही तिथे आहेत. स्लोव्हाक माणूस मात्र आपल्याला भूगोलाच्या पुस्तकातून भेटला, तोही जोडनावाने, झेकोस्लोव्हाकिया म्हणून. १ जानेवारी १९९३ रोजी ती जोडी समंजसपणे विभक्त झाली आणि स्लोव्हाकियाने वेगळी चूल मांडली. आमस्टरडॅमहून व्हिएन्नाला विमानाने साधारण दोन तास लागतात, आणि व्हिएन्नाहून स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा तासाभराच्या रस्त्यावर. म्हणजे सकाळी डच न्याहारी करून दुपारी स्लोव्हाक जेवण जेवता येतं. जेवून बघावं, म्हणजे 'तिकडे' हा शब्द घशात अडकतो.

उंबरठ्यापासूनच सुरुवात करू. बऱ्याच डच घरांत पाहुणा बुटांसकट आत येतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. स्लोव्हाक घरात बूट घालून आत जाणं म्हणजे आपल्याकडे चपला घालून देवघरात जाण्यासारखं. दाराशी बूट काढायचे आणि यजमान देईल त्या सपाता पायांत सरकवायच्या. पाहुण्यांसाठी सपातांचे जादा जोड ठेवलेले असतात. शाळेतली मुलंसुद्धा वर्गात जाण्यापूर्वी बूट बदलतात. आणि हा देश काही बुटांना परका नाही. आपण लहानपणी ज्या बाटाचे बूट शाळेत झिजवले, त्याच बाटाच्या कारखान्याभोवती वसलेलं एक गाव स्लोव्हाकियात आहे. आज त्याला पार्टिझान्स्के म्हणतात, पूर्वी ते बाटाच्याच नावाने ओळखलं जाई. बूट बनवणाऱ्यांनाही ते दाराबाहेर काढावेसे वाटतात, हे 'तिकडे'वाल्यांनी ध्यानात घ्यावं.

आता पाहुणा आत आला. पुढे काय होणार, ते दोन्ही भाषांतल्या म्हणींनीच सांगून टाकलंय. स्लोव्हाक म्हण सांगते, पाहुणा घरात आला म्हणजे देव घरात आला. आपल्या 'अतिथि देवो भव'ची सख्खी बहीण! डच म्हण सांगते, पाहुणा आणि मासळी तीन दिवसच ताजी राहते. दोन्ही म्हणी खऱ्याच आहेत, पण त्या एकाच भिंतीवर टांगता येणार नाहीत.

स्लोव्हाक घरात देव आला, की नैवेद्य आलाच. आधी छोट्या पेल्यात आलुबुखारच्या जातीच्या फळाची स्लिवोवित्सा, बहुधा काकाच्या किंवा मामाच्या बागेतल्या फळांची. मंडळी आपापल्या झाडांची फळं आंबवून गावच्या भट्टीवर नेतात आणि दारू गाळून आणतात, त्यामुळे बाटलीबरोबर तिची वंशावळही ऐकावी लागते. पेला उचलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. मग सूप. मग ब्रिंझोव्हे हालुश्की, म्हणजे बटाट्याच्या पिठाच्या बारीक गोळ्यांवर मेंढीच्या दुधाचं चीज आणि वर तळलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे. "नको" म्हटलं तर तो शिष्टाचार समजला जातो. दुसऱ्यांदा "नको" म्हटलं तर स्वयंपाक आवडला नाही की काय अशी शंका येते. तिसऱ्यांदा "नको" म्हणण्याची पाळी येत नाही, कारण तोवर ताटात वाढून झालेलं असतं. कोल्हापूरकराला तिथे परकं वाटण्याचं काहीच कारण नाही.

डच घरात कॉफी येते. कॉफी चांगली असते. तिच्याबरोबर बिस्किटांचा डबा येतो. डबा उघडतो, आपण एक बिस्किट घेतो, डबा मिटतो. या एका बिस्किटावर आजवर इतके विनोद झालेत, की ते खुद्द डच लोकच सांगतात. मराठी वाचकाला इथे आपल्याकडचं एक विशिष्ट शहर आठवेल. त्याचं नाव घेण्याची गरज नाही, दुपारी एक ते चार ते तसंही झोपलेलं असतं. संध्याकाळी सहाला डच घरात जेवणाची वेळ होते. त्या सुमारास तुम्ही न सांगता पोचलात, तर "बसा पानावर" असं कुणी म्हणेल या भ्रमात राहू नये. बटाटे मोजून शिजवलेले असतात. मित्राने आणलेल्या खाण्याचे, पेयांचे आपल्या वाट्याचे पैसे द्यायचे राहिले, तर २०१६ पासून त्यांच्याकडे 'टिक्की' नावाची सोय आहे. पॅटिस नव्हे! पैशांची आठवण करून देणारा, फोनवर येणारा संदेश. साडेतीन युरोंसाठीही तो येतो, आणि मैत्री पूर्वीसारखीच राहते. यातलं दुसरं आपल्याला जास्त अचंब्याचं वाटतं.

वेळेचंही तेच. डच माणसाकडे एक डायरी असते, तिला तो 'आखेंडा' म्हणतो. म्हणताना मधला 'ख' घशातून ओढून काढावा लागतो. बहिणीला भेटायचं असलं तरी आखेंडा उघडतो आणि तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार निघतो. इकडे स्लोव्हाक खेड्यात शेजारीण दारावर टकटक करते आणि दाराच्या आतूनच बोलायला सुरुवात करते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तर कित्येक स्लोव्हाक घरांत एक जादा पान मांडून ठेवतात, न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासाठी! 'तिकडे न कळवता कुणी येत नाही' हे वाक्य त्या जादा पानासमोर उभं करून बघा.

वाढदिवस घ्या. डच वाढदिवसाला खुर्च्या गोलाकार मांडतात. आलेला माणूस ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन करतोच, शिवाय त्याच्या आईचं, बायकोचं, सासूचं आणि कोपऱ्यात बसलेल्या शेजाऱ्याचंही करतो. सासूचं अभिनंदन करण्याची ही प्रथा आपल्याकडे यायला माझी हरकत नाही. आप्तांच्या वाढदिवसांची नोंद असलेलं कॅलेंडर मात्र संडासात टांगलेलं असतं. त्यावर वार नसतात, सालही नसतं, त्यामुळे ते जन्मभर पुरतं. आणि रोज एकदा तरी निवांत नजरेखालून जाईल अशी घरातली जागा दुसरी कुठली? स्लोव्हाक माणूस वाढदिवस करतोच, पण वर नावाचाही दिवस करतो. तिथल्या पंचांगात वर्षाच्या बहुतेक दिवसांना कुणा ना कुणाचं नाव दिलेलं असतं. १९ मार्च योसेफचा, २६ जुलै आन्नाचा. सकाळी रेडिओ सांगतो, आज कुणाचा दिवस. त्यामुळे कचेरीतल्या झाडून साऱ्या आन्ना त्या दिवशी फुलं घेतात. ही फुलं विषम संख्येची हवीत, कारण सम संख्येची फुलं प्रेताला वाहतात. डच माणसाला हे ठाऊक नसतं. तो बाजारातून ट्युलिपच्या दहाच्या दहा काड्या उचलून आणतो आणि स्लोव्हाक यजमाणीच्या छातीत धस्स होतं.

बरं, संत तरी एक आहेत ना? संत निकोलस दोन्हीकडचा. डच घरी तो ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी देतो, स्लोव्हाक घरी ६ डिसेंबरला. दोन्हीकडची पोरं त्याच्यासाठी बूट मांडून ठेवतात. पण डच घरात मोठी माणसं एकमेकांना भेटवस्तूबरोबर स्वतः जुळवलेली कविता देतात, आणि त्या कवितेत ज्याला भेट द्यायची त्याचे वर्षभराचे अवगुण यमकासकट मोजलेले असतात. सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचून! स्लोव्हाक निकोलस पाप-पुण्याचा हिशेब सांगायला बरोबर एक सैतान आणि एक देवदूत घेऊन येतो. यमक जुळवण्याचं काम सैतानालाही सांगत नाहीत. ईस्टरच्या सोमवारी स्लोव्हाक पुरुष घरोघर जाऊन बायकांच्या अंगावर पाणी ओततात, विलोच्या छड्यांनी हळूच फटके मारतात, आणि बदल्यात रंगवलेली अंडी आणि पेला मिळवतात. (बायकांना हे कितपत आवडतं हे त्यांना विचारावं. हल्ली त्या न विचारताही सांगतात.) त्याच सोमवारी डच कुटुंब सोफा बघायला फर्निचरच्या दुकानात जातं. सण एक, संत एक, आणि कार्यक्रम हे असे.

हुद्द्यांचा प्रकार पाहा. स्लोव्हाक दारावरच्या पाटीत नावाआधी पदवी येते. इंजिनियर असेल तर 'इंग.', वकील असेल तर 'यूडॉ.', डॉक्टर असेल तर 'मूडॉ.', आणि शिकलेला जास्तच असेल तर नावानंतरही शेपूट. हाक मारतानाही 'इंजिनियरसाहेब', 'डॉक्टरीणबाई'. एकेरीवर यायचं तर वयाने मोठ्या माणसाने किंवा बाईने तशी परवानगी द्यायची, आणि तिचा छोटेखानी समारंभ करायचा. डच कचेरीत कालचा उमेदवार आज साहेबाला नावाने हाक मारतो. पदव्या त्यांच्याकडेही आहेत, पण बोलताना त्या मिरवणं म्हणजे शिष्टपणा. साधं वाग, तेवढाही वेडेपणा पुष्कळ झाला, अशा अर्थाची त्यांची म्हणच आहे. मार्क रुट्टे २०१० पासून २०२४ पर्यंत त्यांचे पंतप्रधान होते, आणि पद सोडलं त्या दिवशी सायकलवर टांग मारून घरी गेले.

आता 'तिकडे'वाल्यांचा हुकमाचा एक्का, म्हणजे स्पष्टवक्तेपणा. डच माणूस स्पष्ट बोलतो यात शंका नाही. नवा शर्ट कसा दिसतो असं विचारलंत, तर बरा दिसत नसल्यास तो "बरा दिसत नाही" असंच सांगेल. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं, यात वाईट काय वाटायचं, असा त्याचा निरागस प्रश्न. स्लोव्हाक माणूस "रंग छान आहे" म्हणेल, आणि ते कसं समजून घ्यायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं. पण म्हणून स्लोव्हाक माणूस स्पष्ट बोलत नाही असं समजू नका. तुमचं मूल थंडीत टोपीशिवाय फिरताना दिसू द्या. ओळख ना पाळख, एखादी आजीबाई रस्त्यात थांबवून तुमची आई म्हणून काय लायकी आहे ते सांगेल. दोन खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवून बसा, वाऱ्याचा झोत लागून मान धरेल असा निर्वाणीचा इशारा मिळेल. डच माणूस भर थंडीत खिडकी उघडी टाकून झोपतो आणि दुसऱ्याच्या मुलाच्या टोपीकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे स्पष्टवक्तेपणा दोन्हीकडे आहे, विषय तेवढा वेगळा. एक तुमच्या कामाबद्दल खरं बोलतो, दुसरा तुमच्या तब्येतीबद्दल.

सगळे डच एका छापाचे आणि सगळे स्लोव्हाक दुसऱ्या छापाचे, असं मी म्हणत नाही. खाण्यापिण्याला सढळ असलेले दक्षिणेकडचे डच उत्तरेकडच्यांना नाकं मुरडतात, आणि ब्रातिस्लाव्हाचे नोकरदारही हल्ली फोन केल्याशिवाय कुणाकडे जात नाहीत. माझा मुद्दा वेगळाच आहे. या सवयी आकाशातून पडलेल्या नाहीत. डच देशाचा जवळजवळ चौथा भाग समुद्रसपाटीखाली आहे. तेराव्या शतकापासून तिथे पाण्याची मंडळं आहेत, आणि बांधाची देखभाल जमीनदार-शेतकऱ्यांना मिळून करावी लागली. ज्या गावात समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून "बांध उत्तम आहे हो तुमचा" म्हणतात, ते गाव बुडतं. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री समुद्र आत घुसला आणि १८३६ माणसं गेली. अशा ठिकाणी तोंडावर बोलणं आणि वेळ ठरवून बैठकीला हजर राहणं, ही जीव वाचवण्याची रीत आहे असा माझा तर्क. स्लोव्हाकांचं दुखणं निराळं. १९१८ पर्यंत शतकानुशतकं हंगेरीच्या राजसत्तेखाली आणि १९४८ ते १९८९ कम्युनिस्ट राजवटीत काढलेली. दुकानात वस्तू मिळेलच याची खात्री नसे, ओळखीतून मिळे. बाहेर बोलायची चोरी असे, घरात मन मोकळं करता येई. ज्या देशात घर हीच सुरक्षित जागा होती, तिथे उंबरठ्यावर बूट निघतात आणि आत आलेल्या माणसाला पोट फुटेस्तोवर खाऊ घालतात, यात नवल काय?

यावर 'तिकडे'वाला म्हणेल, "पण डच श्रीमंत आहेत. म्हणजे त्यांची रीत प्रगतीची." हा युक्तिवाद मला बिलकूल मान्य नाही. डच श्रीमंत झाले ते बंदरं, व्यापार आणि बांध यांच्या जोरावर, आणि व्यापाराचा सगळाच इतिहास काही गौरवाचा नाही. एका बिस्किटावर कुणी श्रीमंत होत असतं, तर आपल्याकडची काही शहरं आमस्टरडॅमला केव्हाच मागे टाकून गेली असती.

आणि गंमत अशी, की यांनाही स्वतःचं 'तिकडे' आहे. स्लोव्हाक माणूस आपल्या सरकारवर चिडला की म्हणतो, 'पश्चिमेत' असं होत नाही. ज्या पश्चिमेकडे तो बोट दाखवतो तिथला डच माणूस परम सुखाचं वर्णन करायचं झालं, तर 'फ्रान्समधल्या देवासारखा राहतो' असं म्हणतो. फ्रेंच माणूस कुणाकडे बोट दाखवतो याची मी चौकशी केलेली नाही. बहुधा आरशाकडे.

पण माझा खरा राग शब्दावर नाही, तो वापरण्याच्या पद्धतीवर आहे. आपला 'तिकडे'वाला डच माणसाचा आखेंडा आणतो, सायकल आणत नाही. एक बिस्किट आणतो, पण ठरल्या गुरुवारी भर पावसात भिजत, मिनिटाचाही उशीर न करता पोचण्याचं डच व्रत आणत नाही. स्पष्टवक्तेपणाचं तर विचारूच नका. डच स्पष्टवक्तेपणा दोन्ही दिशांनी वाहतो. कारकून साहेबाला सांगतो, "तुमची योजना चुकीची आहे", आणि साहेब ते ऐकून घेतो. आपल्याकडे आणलेला स्पष्टवक्तेपणा पाण्यासारखा फक्त खाली वाहतो. साहेबासमोर "अगदी बरोबर, सर", आणि गावाहून पिशवीत दोन फणसपोळ्या घेऊन न कळवता आलेल्या मावशीला, "तिकडे असं चालत नाही". हे डचही नाही आणि स्लोव्हाकही नाही. हा शुद्ध अप्पलपोटेपणा आहे, आणि त्याला युरोपची फोडणी देण्याचं कारण नाही.

मावशीला वेळ द्यायचा नसेल तर तसं सांगावं. ती समजून घेईल, तिला घर चालवण्याचा आपल्यापेक्षा जास्त अनुभव आहे. पण तिला आपण मागासलेल्या आहोत असं वाटायला लावून परत पाठवू नये. कारण तिने केलं तेच एखादी स्लोव्हाक मावशी मेंढीच्या चीजचा पुडा घेऊन युरोपीय संघात, युरोच्या राज्यात, राजरोस करते आहे, आणि तिला दारात सपाता मिळताहेत.

तेव्हा यापुढे कुणी "तिकडे..." असं सुरू केलं, की त्याला वाक्य पुरं करू देऊ नये. "कुठल्या गावी?" असं विचारावं. गावाचं नाव आलं तर खुशाल ऐकावं, चार गोष्टी शिकाव्यात, पटल्या तर उचलाव्यात, पण त्यांची पूर्ण किंमत मोजून. आणि गावाचं नाव आलं नाही, तर बिस्किटांचा डबा त्याच्यासमोर उघडावा. एक घेतलं, की मिटावा.